घरचा संग्रह : जुन्या मालिका कीं नव्या ?

गेल्या वर्षीं आमच्या शाळेच्या वादविवाद मंडळानें एका शनिवारीं मोठा मौजेचा विषय चर्चेस घेतला होता. 'घरच्या संग्रहासाठीं दूरचित्रवाणीच्या जुन्या मालिका चांगल्या कीं चालू काळांतील नव्या ?' असा तो विषय. इयत्ता नववीच्या मुलामुलींनीं दोन्ही बाजू मोठ्या हिरिरीनें मांडल्या. जुन्यांचा कैवार घेणाऱ्या वक्त्यांनीं आपापल्या आजोबांच्या तोंडचीं वाक्यें उसनीं आणलीं होतीं. तर नव्यांच्या वकिलांनीं जुन्या मालिकांतील अंधुक चित्रांची व पुठ्ठ्याच्या राजवाड्यांची यथेच्छ टिंगल केली. अध्यक्षस्थान आमच्याकडे असल्यामुळें आम्हांस मौन धरणें भाग होतें. शेवटीं मतें मोजलीं, नव्यांचा पक्ष अवघ्या तीन मतांनीं विजयी झाला, आणि सभा बरखास्त झाली. परंतु विषय कांहीं आमच्या मनांतून जाईना. सभेंत जें बोलतां आलें नाहीं तें वार्षिकाच्या पानांत मांडण्यास संपादकांची हरकत नसावी, अशा समजुतीनें हा लेख लिहीत आहों.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. पाहणें निराळें आणि ठेवणें निराळें. वर्तमानपत्र आपण रोज वाचतों. तें आजचें असलें तरच त्याची गोडी. महिनाअखेर तें रद्दीवाल्याच्या तागडींत जातें, आणि त्याबद्दल कोणी हळहळत नाहीं. उलट मोल्सवर्थचा मराठी कोश पाहा. त्याची दुसरी आवृत्ति १८५७ सालची. परंतु आजही जाणत्या माणसाच्या कपाटांत त्यास मानाची जागा आहे. रोजची भाजी बाजारांतून ताजीच आणावी. पण बरणींत भरावयाची कैरी पारखून घ्यावी लागते, कारण ती वर्षभर पुरावयाची असते. दिवसभराच्या श्रमानंतर घटकाभर करमणूक म्हणून कोणी नवी मालिका पाहिली तर त्याविरुद्ध आमचें कांहीं म्हणणें नाहीं, आम्हीही पाहतों. येथें प्रश्न आहे तो बरणीचा. घरांत काय राहावें, आणि पुढें मुलांच्या हातीं काय जावें, एवढाच विचार आम्ही ह्या लेखांत करणार आहों.

आजच्या मुलांस ही गोष्ट कदाचित् खरी वाटणार नाहीं. परंतु एके काळीं मालिका संग्रहीं ठेवण्याची कल्पनाच कोणास शिवत नसे. आमच्या देशांत दूरचित्रवाणीचा आरंभ दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं प्रायोगिक स्वरूपांत झाला. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. रंगीत चित्रें १९८२ सालीं आलीं, आणि ७ जुलै १९८४ रोजीं सुरू झालेल्या 'हम लोग' ह्या मालिकेनें ठराविक वेळीं साऱ्या घरानें एकत्र बसण्याची चाल पाडली. कार्यक्रम लागला तेव्हां पाहिला तर पाहिला. चुकला तो चुकला. शेजाऱ्यास कथा विचारून घ्यावी, एवढाच उपाय.

ह्या चुकण्याचा अनुभव आम्हांस चांगलाच आहे. रामानंद सागर ह्यांचें 'रामायण' २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत दर रविवारीं सकाळीं साडेनऊ वाजतां दाखविलें जाई. नेमक्या त्याच वेळीं आमच्या मंडळीची उपासना असे. पाळकसाहेबांचा उपदेश थोडका असला तर आम्ही पोरें मंदिरांतून निघून धापा टाकीत आळींतल्या एकुलत्या एका संचापाशीं पोहोंचत असूं, आणि शेवटचीं पांचसात मिनिटें दाराच्या चौकटींतून पाहत असूं. त्यामुळें वनवास कां घडला हें आम्हांस पुस्तकांतून ठाऊक होतें. पडद्यावर मात्र कित्येक आठवडे कोणीतरी नुसतें चालत जातांना दिसे. पुढें २८ मार्च २०२० रोजीं, महामारीमुळें सर्व देश घरांत कोंडलेला असतां, दूरदर्शननें तीच मालिका पुन्हा दाखविण्यास आरंभ केला. सकाळीं नऊ वाजतां व रात्रीं नऊ वाजतां. त्या वेळीं आमची मुलगी दहा वर्षांची व मुलगा सात वर्षांचा होता. मंदिरें बंद, शाळा बंद. तेहतीस वर्षांनंतर आम्हीं ती मालिका प्रथमच आरंभापासून शेवटपर्यंत पाहिली, आणि तीही मुलांच्या शेजारीं बसून. आकाशांत बाण एकमेकांवर आदळूं लागले कीं मुलें खो खो हंसत. परंतु भरत पादुका घेऊन परततो त्या भागांत त्यांतलें कोणीही हंसलें नाहीं. चित्र जुनें झालें होतें. भावास भाऊ कसा वागतो हें पाहण्याची त्यांची उत्सुकता जुनी झाली नव्हती.

आतां आमच्या घरच्या संग्रहाचा आरंभ कसा झाला तें सांगतों. आमचे वडील तालुक्याच्या गांवीं प्राथमिक शिक्षक होते. १९८८ सालीं श्याम बेनेगल ह्यांची 'भारत एक खोज' ही मालिका दाखविली जाऊं लागली. पंडित नेहरूंच्या ग्रंथावरून रचिलेली ही मालिका ५३ भागांची आहे. रोशन सेठ ह्यांनीं नेहरूंची भूमिका केली आहे, आणि ओम पुरी ह्यांचें निवेदन आहे. तोंवर आमच्या घरीं एक लहानसा कृष्णधवल संच आला होता. परंतु चित्रें टिपून ठेवणारें यंत्र घेण्याची ऐपत शिक्षकाच्या पगारांत कोठून असणार? वडिलांनीं घरांतला जुना टेपरेकॉर्डर संचासमोर स्टुलावर ठेवावयाचा, सर्वांस गप्प राहण्याची ताकीद द्यावयाची, आणि मालिकेचा नुसता आवाजच उतरवून घ्यावयाचा, असा क्रम सुरू केला. पाऊण तासानें ध्वनिफीत उलटावी लागे. तेवढ्यांत चारदोन वाक्यें गळून जात. गळलेलीं वाक्यें ते आठवणीनें एका वहींत लिहून ठेवीत. पुढें वर्गांत इतिहास शिकवितांना ह्या ध्वनिफितींचा त्यांनीं किती उपयोग केला, हें त्यांचे जुने विद्यार्थी आजही सांगतात.

त्या ध्वनिफितींपैकीं अकरा आमच्यापाशीं शिल्लक आहेत. बाकीच्या पावसाळी हवेनें बुरशी येऊन गेल्या. शिल्लक असलेल्यांत महात्मा फुल्यांवरील भाग आहे; त्यांत सदाशिव अमरापूरकर ह्यांनीं जोतीरावांची भूमिका केली आहे. जोतीरावांचें शिक्षण पुण्यांतील स्कॉटिश मिशनच्या शाळेंत झालें होतें, म्हणून वडिलांस तो भाग विशेष प्रिय. ह्या ध्वनिफितींत एके ठिकाणीं, जोतीरावांचें बोलणें चाललें असतां, मागून आमच्या आईचा आवाज येतो : "अहो, चहा निवतोय." त्यावर वडिलांचें दबलेलें "शू :" ऐकूं येतें, आणि पुन्हा जोतीराव बोलूं लागतात. आई २००९ सालीं वारली. तिचा आवाज दुसरीकडे कोठेंही नोंदलेला नाहीं. ती ध्वनिफीत आम्हीं संगणकावर उतरवून तिच्या तीन प्रती तीन ठिकाणीं ठेविल्या आहेत. मालिका आज स्वच्छ चित्रांसह पाहावयास मिळते, मग असल्या खरखरीत ध्वनिफिती कशास ठेवाव्या, असें कोणी विचारील, तर त्यास आमचें उत्तर हें एवढेंच आहे.

घरगुती संग्रहाचें महत्त्व केवळ आमच्यासारख्यांच्या ममतेपुरतेंच आहे, असें मात्र कोणी समजूं नये. विलायतेंतील बी. बी. सी. ह्या मोठ्या संस्थेची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९६० व १९७० ह्या दशकांत चित्रफिती फार महाग असत. म्हणून एकदां कार्यक्रम दाखवून झाला कीं पुष्कळ वेळां फीत पुसून तिच्यावर दुसरा कार्यक्रम घेतला जाई. २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं सुरू झालेल्या 'डॉक्टर हू' ह्या सुप्रसिद्ध मालिकेचे आरंभींचे कित्येक भाग अशा रीतीनें नाहींसे झाले. परंतु हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र आज उपलब्ध आहे. तो कोणीं राखिला ? घरोघरच्या सामान्य प्रेक्षकांनीं. घरच्या टेपरेकॉर्डरवर आवाज उतरवून घेण्याची आमच्या वडिलांची युक्ति तिकडील प्रेक्षकांनीं त्यांच्या आधीं वीस वर्षें योजिली होती. 'डॅड्स आर्मी' नांवाच्या विनोदी मालिकेचे दोन हरवलेले भाग २००१ सालीं परत हातीं आले. तीन अजून सांपडले नाहींत. फार काय, जुलै १९६९ मध्यें मनुष्यानें चंद्रावर पहिलें पाऊल ठेविलें त्या प्रसंगाच्या मूळ फितीदेखील बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्या, असें खुद्द नासा संस्थेनें २००९ सालीं जाहीर केलें. आज जीं दृश्यें आपण पाहतों तीं निरनिराळ्या दूरचित्रवाणी केंद्रांपाशीं राहिलेल्या प्रतींवरून सुधारून घेतलेलीं आहेत. मोठमोठ्या संस्थांच्या कोठारांतून वस्तु नाहींशी होते आणि एखाद्या घरच्या माळ्यावर ती जीव धरून राहते, असें अनेकदां घडलेलें आहे.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. कपाटांत जागा थोडी. तेथें जुन्यास अग्रमान द्यावा कीं नव्यास? आमचा कौल जुन्याच्या बाजूस आहे. परंतु 'जुनें तें सोनें' ह्या म्हणीच्या आधारें नव्हे. जुन्यांतही कोळसा पुष्कळ होता. १९८० च्या दशकांत लागलेल्या कितीतरी मालिकांचीं नांवेंही आज कोणास आठवत नाहींत. ज्या आठवतात त्या तीस-चाळीस वर्षांच्या चाळणींतून खालीं पडल्या नाहींत म्हणून आठवतात. ही चाळणी आपणांस आयती व फुकट मिळते, हाच जुन्या मालिका निवडण्यांतला खरा लाभ.

उदाहरणार्थ 'मालगुडी डेज' घ्या. आर. के. नारायण ह्यांच्या कथांवरून शंकर नाग ह्यांनीं ती १९८० च्या दशकांत तयार केली. चित्रण कर्नाटकांतील आगुंबे ह्या गांवीं झालें, संगीत एल. वैद्यनाथन् ह्यांचें, आणि रेखाचित्रें लेखकाचे बंधु आर. के. लक्ष्मण ह्यांचीं. एकेक कथा अर्ध्या तासाच्या आंत संपते. मोठे वाडे नाहींत, कटकारस्थानें नाहींत. एका मुलास शाळेस जाण्याचा कंटाळा आला आहे, एवढ्यावर एक सबंध भाग उभा राहतो. आम्हां मिशन शाळेच्या शिक्षकांस तर ही मालिका पाहणें एका परीनें उपकारक आहे. स्वामी ज्या शाळेंत जातो ती 'अल्बर्ट मिशन स्कूल'. १९३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या मूळ कादंबरींत तेथील धर्मशिक्षणाचे मास्तर दुसऱ्यांच्या देवांची निंदा करितात, स्वामी त्यांस उलट विचारतो, आणि त्याबद्दल त्याचा कान पिळला जातो. मग त्याचे वडील मुख्याध्यापकांस खरमरीत पत्र लिहितात. मालिका पाहून झाली कीं तें प्रकरण आम्ही मुलांस पुस्तकांतून वाचून दाखवितों. वर्गांत कोणाही मुलाच्या श्रद्धेस धक्का लावूं नये, हा धडा कान पिळणाऱ्या मास्तरांवरून आम्हांस जितका पटला तितका शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांवरून पटला नव्हता.

चांगली मालिका पाहणाऱ्यास पुस्तकाकडे नेते, हें तिचें दुसरें लक्षण. मुंबई दूरदर्शनवर १९७० च्या दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशी ह्यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ अवतरले. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे ह्यांनीं त्या भूमिका केल्या. तेव्हां आमचा जन्म झाला असेल-नसेल. आमच्या वडिलांच्या पिढीच्या तोंडीं ते प्रसंग अजून आहेत, आणि ते ऐकूनच आम्ही चिमणरावांचीं पुस्तकें शोधावयास ग्रंथालयांत गेलों. 'गोट्या' ही मालिका पाहून ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकाकडे वळलेलीं मुलें आमच्या वर्गांत होतीं. आज मालिका पाहून एखादा विद्यार्थी ग्रंथपालांपाशीं मूळ पुस्तक मागावयास आला, तर त्या मालिकेस आम्ही मनांतल्या मनांत उत्तम गुण देतों.

जुन्या मालिकांचे दोष झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. त्यांची गति आजच्या मुलांस मंद वाटते. ध्वनि कधीं कधीं इतका पुसट कीं कान टवकारावे लागतात. कित्येकांत मुलींनीं मान खालीं घालून रडावें आणि मुलांनीं निर्णय घ्यावे, हेंच स्वाभाविक म्हणून दाखविलें आहे. एखाद्याच्या बोलींतील हेल, वर्ण किंवा लठ्ठपणा ह्यांवर विनोद केलेले आढळतात. असे प्रसंग आले कीं आमची मुलगी संच थांबवून विचारते, "बाबा, ह्यांत हंसण्यासारखें काय आहे ?" हा प्रश्न विचारला जाणें हेंही एक शिक्षणच आहे, मात्र तो विचारला जाण्यासाठीं शेजारीं वडील माणूस बसलेलें पाहिजे. जुनी मालिका लावून देऊन आईबापांनीं स्वयंपाकघरांत किंवा आपल्या मोबाइलमध्यें निघून जावें, हें बरें नव्हे.

नव्यांचा पक्षही ऐकून घेतला पाहिजे, आणि शास्त्रीय विषयांत तो बलवान् आहे. कार्ल सेगन ह्यांची 'कॉसमॉस' ही तेरा भागांची मालिका १९८० सालची. त्याच नांवाची, नील डिग्रास टायसन ह्यांनीं सादर केलेली नवी तेरा भागांची मालिका २०१४ सालीं आली. दोन्ही आमच्या कपाटांत शेजारीं शेजारीं आहेत. मधल्या काळांत काय काय घडलें पाहा : सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोंवतीं फिरणारा ग्रह १९९५ सालीं प्रथम सांपडला, विश्वाचा विस्तार वाढत्या वेगानें होत आहे हें १९९८ सालीं कळलें, आणि ऑगस्ट २००६ मध्यें प्लुटोचें नांव ग्रहमालेंतून कमी झालें. अशा स्थितींत जुन्या मालिकेवरच भिस्त ठेवून परीक्षेस बसणारा विद्यार्थी फसेल. असें असूनही आमच्या मुलानें मागितली ती जुनीच. कारण विचारतां तो म्हणाला, "हे काका सावकाश बोलतात, मध्यें विचार करायला वेळ मिळतो." माहितीसाठीं नवी व विस्मयासाठीं जुनी, असा तोडगा आम्हीं काढिला आहे.

नव्या मालिकांचा आणखी एक गुण आमच्या घरांत रोज प्रत्ययास येतो. आमच्या वडिलांस आतां कमी ऐकूं येतें. ज्या माणसानें आयुष्यभर कानांनीं मालिका सांठविल्या, त्यास जुन्या मालिकेंतील संवाद कळेनासे झाले आहेत. परंतु नव्या मालिकांत पडद्याच्या तळाशीं संवाद अक्षरांत येतात. २०२२ सालीं आलेली 'रॉकेट बॉईज' ही डॉ. होमी भाभा व डॉ. विक्रम साराभाई ह्यांच्यावरील मालिका त्यांनीं चष्मा लावून, अक्षरें वाचीत, सोळाही भाग पाहिली. तिच्यांत कांहीं पात्रें व प्रसंग कल्पित आहेत, आणि कांहीं भाग लहान मुलांजोगे नाहींत. हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें. पण एक देश विज्ञानाच्या आधारावर उभा करूं पाहणाऱ्या माणसांची ती कथा आम्हांस संग्रहयोग्य वाटली.

वाटली खरी, पण संग्रह करावा कसा? येथें नव्या मालिकांची मोठी अडचण उभी राहते. जुन्या मालिकांच्या तबकड्या मिळत; पैसे टाकले कीं वस्तु आपली. आजच्या बहुतेक मालिका वर्गणी भरून पाहावयाच्या असतात, आणि वर्गणी म्हणजे भाडें. भाडें थांबलें कीं घर सोडावें लागतें. कधीं कधीं तर मालकच घर पाडतो. आमच्या मुलांसाठीं आम्हीं एका कंपनीकडून प्राण्यांच्या गोष्टींची एक मालिका पैसे मोजून घेतली होती; पावतीवर 'खरेदी' असाच शब्द होता. दोन वर्षांनीं त्या कंपनीनें तो उद्योगच बंद केला, आणि एके दिवशीं सर्व भाग दिसेनासे झाले. मुलगा तेव्हां पांच वर्षांचा. "ते हत्ती कुठें गेले ?" ह्या त्याच्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तबकड्यांचेंही आयुष्य अमर आहे असें नाहीं. चित्रफितींची व्ही. एच. एस. पद्धति १९७६ सालीं जपानांत निघाली. तीं यंत्रें बनविणारा फुनाई हा अखेरचा मोठा कारखाना २०१६ सालीं तें काम थांबवून मोकळा झाला. चाळीस वर्षांत एक पद्धति जन्मास आली आणि मेली. म्हणून जें ठेवावयाचें तें दर दहा-बारा वर्षांनीं नव्या साधनावर उतरवून घेत राहिलें पाहिजे. लोणच्याची बरणी देखील मधून मधून उघडून पाहावीच लागते.

तरीही नव्यांस दार लावून घेणें योग्य नव्हे. ह्याचें कारण आम्हांस अमेरिकेंतील मॅरियन स्टोक्स ह्या बाईंच्या चरित्रावरून उमगलें. ह्या बाई फिलाडेल्फिया शहरीं राहत. पूर्वीं त्या ग्रंथपाल होत्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून डिसेंबर २०१२ मध्यें मृत्यु येईपर्यंत त्यांनीं घरीं अनेक यंत्रें लावून दूरचित्रवाणीवरील बातम्या रात्रंदिवस टिपून ठेविल्या. सुमारें सत्तर हजार चित्रफिती जमल्या. त्या काळीं लोकांस हें वेडच वाटलें असेल. कालच्या बातम्या कोण पाहणार? आज तो सांठा 'इंटरनेट आर्काइव्ह' ह्या संस्थेनें आपल्याकडे घेतला आहे. बाईंनीं जें टिपलें तें टिपतांना अगदीं ताजें होतें. आमच्या वडिलांनींही 'भारत एक खोज' उतरविली ती जुनी म्हणून नव्हे. ती त्या वर्षींची नवी मालिका होती. आज ज्यास आपण जुना ठेवा म्हणतों, तो कोणीतरी नवा असतांनाच उचलून बाजूस ठेविला म्हणून आपल्यापर्यंत आला. सर्वांनींच जुनें तेवढें ठेवावयाचें ठरविलें, तर आमच्या नातवंडांस ह्या काळांतलें कांहींच मिळावयाचें नाहीं.

म्हणून आमच्या घरीं आम्हीं असा परिपाठ ठेविला आहे कीं, संग्रहाच्या चार भागांपैकीं तीन भाग जुन्यांस व एक भाग नव्यांस. कपाटाचा एकच खण त्यासाठीं दिला आहे. खण भरला कीं नवें कांहीं आणण्यापूर्वीं एक काढून शाळेच्या ग्रंथालयास किंवा एखाद्या स्नेह्यास द्यावयाचें. नव्या मालिकेस एक वर्ष थांबविलें जातें. वर्षानंतरही ती पुन्हा पाहावी असें घरांतील निदान दोघांस वाटलें, तर तिला जागा. सर्वांनीं एकत्र बसून संकोच न वाटतां जी पाहतां येत नाहीं तिला जागा नाहीं. आणि जी वस्तु घ्यावयाची ती दाम मोजून घ्यावयाची. चोरून उतरविलेली प्रत फुकट मिळाली तरी आम्ही ती घरांत ठेवीत नाहीं. पैशांची अडचण असेल तर प्रसारभारतीनें नोव्हेंबर २०२४ मध्यें सुरू केलेल्या 'वेव्ह्ज' ह्या सेवेवर दूरदर्शनच्या कांहीं जुन्या मालिका पाहावयास मिळतात.

लांबीचा हिशेबही आमचे गणिताचे विद्यार्थी करतील तर बरें. 'तारक मेहता का उल्टा चष्मा' ही २८ जुलै २००८ रोजीं सुरू झालेली मालिका चार हजार भागांपलीकडे गेली. एक भाग वीस मिनिटांचा धरला तरी चार हजार भागांस तेराशें तेहतीस तास लागतात. रोज एक तास पाहिल्यास साडेतीन वर्षांहून अधिक. तेवढ्या वेळांत 'भारत एक खोज' चोवीस-पंचवीस वेळां पाहून होईल. मालिका वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. पुष्कळ घरांत तिनें हंसूं आणिलें आहे. परंतु घरच्या खणांत नदी मावत नाहीं. ज्या कथेस आरंभ, मध्य व शेवट आहे, आणि जिच्या लेखकास कोठें थांबावें हें ठाऊक होतें, तीच संग्रहास सोयीची.

विद्यार्थी मित्रांनो, येत्या मे महिन्याच्या सुट्टींत एक काम अवश्य करा. आजी-आजोबांस विचारून त्यांच्या आवडीच्या मालिकांचीं चार नांवें लिहून घ्या, आणि त्यांपैकीं एक तरी त्यांच्या शेजारीं बसून पाहा. मग तुमच्या आवडीची एक नवी मालिका त्यांस दाखवा; त्यांस ऐकूं येत नसेल तर अक्षरें लावून द्या. त्यांतून काय ठेवावयाचें हें दोघांनीं मिळून ठरवा. पालकांस आमची विनंती अशी आहे कीं, माळ्यावरच्या जुन्या ध्वनिफिती व चित्रफिती दिवाळीच्या साफसफाईंत रद्दींत घालण्यापूर्वीं एकदां लावून ऐकाव्या. त्यांवर काय लिहिलें आहे तेवढ्यावरून निर्णय करूं नये. पुष्कळदां लिहिलेलें एक असतें आणि आंत आणखी कोणीतरी बोलत असतें.